बुलेटचे इंजिन उघडण्यापूर्वी

जुन्या दुचाकींचे आकर्षण अलीकडे शहरांमध्ये चांगलेच वाढले आहे. वडिलांनी किंवा काकांनी ऐन उमेदीत घेतलेली आणि पुढे घरात मोटार आली म्हणून वाड्याच्या बोळात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवून दिलेली बुलेट पुन्हा रस्त्यावर आणण्याचा बेत अनेक घरांत शिजत असतो. बेत ठरला की पहिला खर्चही ठरलेलाच असतो. टाकीला रंग, त्यावर सोनेरी रेघा, मडगार्डांचे डेन्टिंग, हँडल आणि सायलेन्सरला क्रोम. गाडी चकचकीत होते, फोटो निघतात आणि मग पहिल्याच किकला निळ्या धुराचा लोट उठतो. इंजिन उतरवावे लागते, ते उतरवताना नव्या रंगावर पान्यांचे ओरखडे उठतात आणि जो खर्च सर्वांत आधी मोजायला हवा होता तो सर्वांत शेवटी समोर येतो.

याच्या नेमकी उलट चूकही तितकीच सर्रास होते. गाडी जुनी आहे, एवढ्याच कारणावरून मेकॅनिक पहिल्या दिवशी हेड उघडतो आणि 'आता उघडलेच आहे तर बोअर करून टाकू' असे म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यात गैर काही वाटत नाही. मात्र सिलिंडरचे बोअर मोठे करणे म्हणजे त्यातील धातू कायमचा कापून काढणे आहे. बुलेटच्या सिलिंडरसाठी सामान्यतः अर्धा मिलिमीटर आणि एक मिलिमीटर जादा मापाचे पिस्टन मिळतात. इंचाच्या हजाराव्या भागात मोजण्याच्या जुन्या ब्रिटिश पद्धतीनुसार त्यांना '२०' आणि '४०' म्हटले जाते. म्हणजे मूळ सिलिंडरला फार तर दोन आयुष्ये शिल्लक असतात. नंतर लायनर घालणे किंवा दुसरा सिलिंडर शोधणे एवढेच उरते. ज्या इंजिनाला केवळ व्हॉल्व्ह बसवून घेण्याची गरज होती, त्याचे बोअर केले तर त्यातील एक आयुष्य विनाकारण खर्ची पडते. म्हणून पाना हाती घेण्याआधी इंजिनाची प्रकृती तपासणे आणि तपासणीतून जे निघेल तेवढेच उघडणे हा जुन्या गाडीच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे.

येथे विचार केला आहे तो ३५० सीसीच्या जुन्या बुलेटचा. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कंपनीची ही रचना १९४९ मध्ये बाजारात आली. १९५५ मध्ये मद्रास येथे एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि पुढे मूळ इंग्लिश कंपनी बंद पडली तरी मद्रासमध्ये बुलेट तयार होतच राहिली. किरकोळ बदल सोडले तर तिच्या इंजिनाचा आराखडा अर्धशतकाहून अधिक काळ तोच होता. २०१० च्या सुमारास नव्या एकसंध इंजिनाने त्याची जागा घेतली. शौकीन मंडळी या जुन्या इंजिनाला 'कास्ट आयर्न' म्हणतात, कारण त्याचा सिलिंडर बिडाचा आहे. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि कमी कॉम्प्रेशन यांमुळे हे इंजिन सावकाश फिरते, खूप सहन करते आणि बिघाड झाला तरी बराच काळ तक्रार न करता चालत राहते. या शेवटच्या गुणामुळेच त्याची तपासणी काळजीपूर्वक करावी लागते.

आधी कागद

तपासणीची सुरुवात पान्याने होत नाही, आरसी बुकाने होते. क्रँककेसवर ठोकलेला इंजिन क्रमांक आणि चासीचा क्रमांक नोंदणीशी जुळतो का, हे आधी पाहावे. क्रमांकाच्या जागी घासल्याच्या खुणा असतील, अक्षरे वेडीवाकडी किंवा वेगवेगळ्या उंचीची असतील तर पुढचा एकही रुपया खर्च करू नये. क्रँककेसचे दोन अर्धे भाग कारखान्यात जोडीने तासलेले असतात. त्यामुळे एक अर्धा एका गाडीचा आणि दुसरा दुसऱ्या गाडीचा जोडलेले इंजिन वरकरणी चालते, पण क्रँकचे बेअरिंग एका रेषेत राहतीलच असे नाही.

मूळ इंजिन जपण्याला आता कायदेशीर महत्त्वही आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली. या नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. अशा वाहनाच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट त्यात आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, ती प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल अशा कारणांसाठीच बाहेर काढता येते. त्यामुळे प्रत्येकाला ती नोंदणी हवीच असेल असे नाही. पण सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातील बुलेट हाती असेल तर मूळ इंजिन भंगारात देण्यापूर्वी मालकाने ही अट वाचलेली बरी.

उभ्या गाडीला थेट किक नको

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी दिसली की किकवर पाय ठेवण्याचा मोह कोणालाही होतो. तो आवरावा. सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल केव्हाच ओघळून गेलेले असते, रिंगा बिडाला गंजाने चिकटलेल्या असू शकतात, आणि अशा वेळी जोराची किक मारली तर रिंग मोडते किंवा गंजाचे कण भिंतीवर उभ्या रेघा ओढतात. उभी रेघ पडलेल्या सिलिंडरला बहुधा बोअरशिवाय इलाज नसतो. प्लग काढून त्या भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडावे आणि गाडी एक-दोन दिवस तशीच राहू द्यावी. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे फिरवावे. इंजिन मोकळे असेल तर पिस्टनची हालचाल जाणवते. जाम असेल तर पुन्हा तेल सोडावे आणि वाट पाहावी. हातोडा आणि टोचा यांचा उपयोग येथे फक्त नुकसान करण्यासाठी होतो.

काढलेल्या प्लगकडेही नीट पाहावे. फिकट तपकिरी रंग म्हणजे ज्वलन ठीक होते. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोलचे प्रमाण जास्त होते आणि ओलसर, चिकट काळा थर असेल तर ज्वलनकक्षात तेल येत होते. अर्थात गाडी ठेवण्याआधी कोणी नवा प्लग बसवला असेल तर तो काहीच सांगणार नाही.

त्यानंतर खालचे ड्रेन बोल्ट उघडून इंजिन ऑइल स्वच्छ भांड्यात काढावे. जुने तेल हा इंजिनाचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतो आणि बहुतेक जण तो न पाहताच गटारात ओततात. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. तळाशी बसलेला गाळ पांढऱ्या कापडावर पसरून उन्हात पाहावा. लोहचुंबकाला चिकटणाऱ्या पोलादी चकत्या किंवा तुकडे हे टायमिंगच्या गिअरचे वा बेअरिंगचे असू शकतात. सोनेरी चमक पितळी बुशांची असते. करडे, मऊ आणि चुंबकाला दाद न देणारे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे किंवा क्रँकच्या बिग एंड बुशावरील व्हाइट मेटलचे असतात. बारीक भुकटी प्रत्येक जुन्या इंजिनात सापडते, तिने घाबरून जाऊ नये. नखाने उचलता येईल असा तुकडा मिळाला तर मात्र तो आला कोठून याचा शोध लागेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

बुलेटच्या तेलाविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिची तेलाची टाकी वेगळी दिसत नाही, ती क्रँककेसच्याच मागच्या कप्प्यात असते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली की या कप्प्यातील तेल पंपातून झिरपत क्रँकच्या कप्प्यात उतरते. मग डिपस्टिकवर तेल कमी दिसते, मालक वरून आणखी तेल ओततो, आणि इंजिन सुरू झाल्यावर जादा तेल ब्रीदरमधून बाहेर पडते किंवा धुराच्या रूपाने सायलेन्सरमधून निघते. अशा पहिल्या धुरावरून 'रिंगा गेल्या' असा निकाल देणारे मेकॅनिक कमी नाहीत. खालचे सर्व तेल आधी काढून घेतले आणि मापाने नवे भरले तर हा गोंधळ टळतो.

आवाज आणि धूर

इंजिन मोकळे फिरते आहे, तेल नवे आहे आणि ठिणगी पडते आहे, एवढे झाल्यावर ते सुरू करायला हरकत नाही. हेडलाइटच्या वर बसवलेला अँमीटर हा बुलेटवाल्यांचा जुना मित्र. इग्निशन चालू करून किक हळू दाबत गेले की पॉइंट बंद असताना काटा उणेकडे झुकतो आणि पॉइंट उघडताच मध्यावर येतो. तेथे डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग पूर्ण किक द्यायची. ही पद्धत ठाऊक नसलेल्यांच्या पोटऱ्यांना बुलेटने अनेकदा धडा शिकवला आहे.

इंजिन गार असताना आणि दहा-पंधरा मिनिटांनी तापल्यावर अशा दोन्ही वेळी ऐकावे. बिडाच्या सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन असल्याने गार अवस्थेत त्यांच्यातील जागा जास्त असते. सुरुवातीचा खडखडाट तापल्यावर विरत असेल तर तो बहुतेक वेळा स्वभावाचा भाग समजावा. तापल्यावरही तो तसाच राहिला तर पिस्टन सैल झाला आहे. वरच्या भागातून येणारी नियमित टिकटिक टॅपेटची असते आणि ती दुरुस्त करणे सोपे आहे. उजव्या बाजूचे छोटे झाकण उघडून, इंजिन गार असताना, कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. खरी चिंता करावी ती खालून येणाऱ्या जड, दबक्या ठोक्याची. थ्रॉटल देताना किंवा चढावर भार पडल्यावर हा ठोका वाढत असेल तर बिग एंडकडे संशयाने पाहावे. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवली तर आवाजाची जागा बरीच नेमकी कळते. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचेच तत्त्व ते.

धुराचे रंग बहुतेकांना माहीत असतात. त्याची वेळ फारसे कोणी पाहत नाही. गाडी काही काळ मंद चालू ठेवून एकदम थ्रॉटल दिल्यावर निळा झोत निघाला आणि लगेच थांबला, तर तेल व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरते आहे. भार असेपर्यंत निळा धूर सतत येत राहिला आणि ब्रीदरच्या नळीतूनही फुसफुस वायू निघत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. पहिल्या प्रकारात हेडचे काम पुरते. सिलिंडरला हात लावण्याची गरज नसते.

त्याच वेळी तेल फिरते आहे याचीही खात्री करून घ्यावी. टायमिंग कव्हरमध्ये दोन छोटे पंप असतात. एक क्रँककडे तेल ढकलतो आणि दुसरा खाली साचलेले तेल परत फिरवतो. क्रँकच्या टोकावरील वर्म गिअर त्यांना फिरवतो. या वर्मचे दात झिजले तर पंप थांबतात, आणि तेलदाबाचा दिवा नसल्याने चालवणाऱ्याला ते इंजिन जाम झाल्यावरच कळते. हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट इंजिन मंद चालू असताना थोडा सैल केला तर तेथे तेल पाझरलेले दिसले पाहिजे. मिनिटभरात काहीच आले नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे.

एका सिलिंडरची परीक्षा

आता कॉम्प्रेशनची चाचणी. मोटारीच्या चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. बुलेटला सिलिंडर एकच. त्यात वेगवेगळ्या काळातील बुलेटचे कॉम्प्रेशनचे गुणोत्तर वेगळे आहे आणि गेजही सारखे नसतात. त्यामुळे 'अमुक पौंड आले म्हणजे इंजिन उत्तम' असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. येथे इंजिनाची तुलना त्याच इंजिनाशी करावी लागते.

इंजिन तापवून बंद करावे, इग्निशन बंद ठेवावे, प्लगच्या जागी गेज बसवावा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवणे आवश्यक आहे. तो बंद राहिला तर हवा आत येत नाही आणि चांगले इंजिनही आजारी भासते. काटा वाढायचा थांबेपर्यंत पाच-सहा दमदार किक माराव्यात आणि आकडा लिहून ठेवावा. किक मारताना क्लच घसरत नाही ना, हेही पाहावे, कारण घसरणाऱ्या क्लचमुळे इंजिन पुरते फिरतच नाही आणि दोष कॉम्प्रेशनच्या माथी मारला जातो. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून, इंजिन दोन-चार वेळा फिरवून, तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तेल रिंगांभोवतीच्या फटी तात्पुरत्या बुजवते. दुसरा आकडा ठळकपणे वाढला तर गळती रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधून होती. फारसा फरक पडला नाही तर गळती वरच्या बाजूला आहे: व्हॉल्व्ह, हेडचा जोड किंवा डिकॉम्प्रेसर. तेल चमच्यापेक्षा अधिक सोडू नये. ते स्वतःच जागा व्यापते आणि आकडा खोटाच वाढवते.

डिकॉम्प्रेसरचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. हेडमधील त्या चिमुकल्या व्हॉल्व्हखाली काजळीचा कण अडकला किंवा त्याची केबल जास्त ताणलेली राहिली, तरी कॉम्प्रेशन गळत राहते. मोकळी केबल आणि साफ केलेली बैठक हा पाच मिनिटांचा इलाज आहे, आणि त्याअभावी अनेक सिलिंडर बोअर झाले असतील.

आणखी खात्री हवी असेल तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचीही मदत घेता येते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी वरच्या बिंदूवर आणून गाडी गिअरमध्ये टाकावी, मागचा ब्रेक घट्ट धरावा आणि जोडणीच्या नळीने प्लगच्या भोकातून कमी दाबाची हवा सोडावी. हवा कोठून निसटते ते कान देऊन ऐकावे. कार्ब्युरेटरमधून सुसकारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि ब्रीदरमधून किंवा तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा. इंजिनाचा एकही बोल्ट न काढता आतल्या दोषाचा पत्ता मिळतो.

उघडलेच तर मोजून

चाचण्यांनी वरच्या भागाकडे बोट दाखवले तर फक्त हेड उतरवावे. ते उलटे ठेवून व्हॉल्व्हच्या पोर्टमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओतले आणि ज्वलनकक्षाच्या बाजूने ते झिरपले, तर व्हॉल्व्ह बैठकीवर नीट बसत नाही. बहुतेकदा ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवले की काम भागते. व्हॉल्व्ह गाइडमध्ये आडवा हलत असेल तर गाइड बदलावे लागते, आणि मग बैठकही नव्याने कापून घ्यावी लागते.

हेड निघाले की सिलिंडरच्या वरच्या कडेपासून थोडे खाली नख फिरवून पाहावे. सर्वांत वरची रिंग जेथे थांबते तेथे झीज सर्वाधिक असते, आणि तिच्या वर न झिजलेल्या धातूची कड राहते. नख या कडेला अडकले तर झीज मोजण्याजोगी आहे. मोजणे म्हणजे खरोखर मोजणे. वर्कशॉपमध्ये डायल बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, तसेच पुढे-मागे आणि आडवे अशी सहा मापे घ्यावीत. पिस्टनचा दाब पुढच्या-मागच्या भिंतीवर पडत असल्याने सिलिंडर गोल न राहता लंबगोल होतो आणि एकाच दिशेचे माप फसवे ठरते. व्हर्नियर कॅलिपरने घेतलेल्या मापावर तर कोणताच निर्णय घेऊ नये.

बोअर गेज जवळ नसेल तर एक जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. पिस्टनची वरची रिंग काढून सिलिंडरच्या अगदी तळाशी, जेथे रिंगा पोहोचतच नाहीत तेथे, पिस्टनने ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वरच्या झिजलेल्या पट्ट्यात बसवून पुन्हा फट मोजावी. दोन्हींतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. समजा, तळाशी फट ०.४० मिलिमीटर भरली आणि वर ०.९०, फरक ०.५० चा, म्हणजे व्यास सुमारे ०.१६ मिलिमीटरने वाढला आहे. हे उत्तर सरासरीचे असते, लंबगोलपणा त्यात कळत नाही. पण सिलिंडर वर्कशॉपमध्ये नेण्याजोगा झिजला आहे की नाही, हे घरबसल्या समजते. तळाशीच फट बरीच मोठी असेल आणि वरचा-खालचा फरक नगण्य असेल, तर झीज रिंगेची आहे. नव्या रिंगा घालाव्यात, सिलिंडर होनिंग करून घ्यावा आणि बोअरचा विषय तेथेच संपवावा.

बोअर करणे खरोखर अटळ ठरलेच, तर आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तोच वर्कशॉपमध्ये नेऊन द्यावा. पिस्टनच्या पाकिटावर छापलेले माप आणि प्रत्यक्ष माप यांत फरक निघू शकतो. सिलिंडर पिस्टनच्या मापाने कापायचा असतो, पाकिटाच्या नाही. बाजारात सुटे भाग मुबलक आहेत, गुणवत्ता मात्र एकसारखी नाही. जुना पिस्टन आणि जुन्या रिंगा काम पूर्ण होईपर्यंत फेकू नयेत.

सिलिंडर उतरल्यावर कनेक्टिंग रॉडची परीक्षा होते. पिस्टन वरच्या बिंदूपाशी असताना रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. आडवी हालचाल असणारच, ती रचनेचाच भाग आहे. उभ्या दिशेने हाताला 'टक' असा स्पष्ट धक्का जाणवला तर बिग एंड गेला. जुन्या बुलेटमध्ये येथे तरंगता बुश असतो आणि तेलाच्या थराइतकी जागा त्याला मुळातच दिलेली असते, म्हणून केसाएवढ्या हालचालीवरून घाबरू नये. शंका असेल तर अनुभवी माणसाकडून पुन्हा तपासून घ्यावे. प्राथमिक चेनकेसचे झाकण निघालेले असेल तर क्रँकवरील स्प्रॉकेट धरून वर-खाली हलवले की मुख्य बेअरिंगही कळतात.

क्रँकचे काम हे वरच्या कामाहून पूर्णपणे वेगळे आहे. दोन्ही फ्लायव्हील प्रेसवर सोडवून, नवी पिन आणि रॉड घालून, पुन्हा डायल गेजवर एका रेषेत आणावे लागतात. हे काम नीट करणारे कारागीर मोजकेच आहेत आणि ते वेळ घेतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजात हातोड्याने जुळवलेला क्रँक हजारभर किलोमीटरही धड टिकत नाही आणि त्याच्या थरथरीने बेअरिंगही जातात. त्यामुळे ठोका नसेल, गाळात तुकडे नसतील आणि रॉड घट्ट असेल, तर क्रँककेस उघडूच नये. 'एकदा सगळे खोलून स्वच्छ करू' हा उत्साह येथे महागात पडतो.

आजच्या पेट्रोलचाही विचार तपासणीच्या वेळीच करावा. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरमधील सील फुगतात किंवा विरघळू लागतात, आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाणही थोडे कमी पडते. ज्या मापाच्या जेटवर ही गाडी तीस वर्षांपूर्वी व्यवस्थित चालत होती, त्याच जेटवर प्लग आता पांढरट दिसू शकतो आणि इंजिन जास्त तापते. हे लक्षण व्हॉल्व्ह किंवा टायमिंगच्या दोषासारखेच दिसते. आधी जेट बदलून पाहावे. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत, कारण असे पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते.

या सगळ्या नोंदींसाठी एक साधी वही पुरते. कोरडे आणि तेल घातलेले कॉम्प्रेशन, गाळात काय सापडले, रिंगेच्या फटी, सिलिंडरची सहा मापे, तारखेसह आणि गाडीच्या किलोमीटरसह. वर्कशॉपमध्ये ही वही घेऊन जाणाऱ्या मालकाशी मेकॅनिक निराळ्या भाषेत बोलतो. पुढे गाडी विकायची झाली तरी रंगाच्या बिलापेक्षा या वहीला जाणकार गिऱ्हाईक अधिक किंमत देते. इंजिन पुन्हा बसवल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर हेडचे नट आणि टॅपेट गार इंजिनावर पुन्हा तपासून, तेल बदलून, कॉम्प्रेशनचा नवा आकडा त्याच वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा. टाकी रंगाऱ्याकडे पाठवायची ती त्यानंतर.